बोंडअळीच्या मेदातील साक्ष

१/ पूर्णेच्या काठचे जाफराबाद म्हणजे जालना जिल्ह्यातील कपाशीचा मुलूख. कपाशीवर जिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, तीच अळी रब्बीत हरभऱ्यावर 'घाटेअळी' म्हणून अवतरते. पीक बदलले तरी शत्रू एकच.

२/ १९८०च्या दशकारंभी सिंथेटिक पायरेथ्रॉइड ही कीटकनाशके भारतात आली. अल्प मात्रेत अळी मरू लागली. परंतु १९८७च्या हंगामात आंध्र प्रदेशाच्या किनारी जिल्ह्यांत फवारण्या निष्फळ ठरल्या. पीक गेले, कर्ज उरले आणि अनेक कपाशी उत्पादकांनी मृत्यूला कवटाळले.

३/ औषध बनावट होते, की अळीच बदलली होती? याचे उत्तर तिच्या शरीरातच होते. कीटकाच्या पोटात मेदपिंड नावाची पांढुरकी, चरबीयुक्त ऊती असते. अन्नाचा साठा आणि विषाचे विघटन, म्हणजे आपल्या यकृताची बरीच कामे ती करते.

४/ हे विघटन करणाऱ्या विकरांपैकी प्रमुख म्हणजे सायटोक्रोम पी-४५०. मेदपिंड व मध्यांत्र थंड द्रावणात वाटून अतिवेगाने फिरवतात. तळाशी बसलेल्या सूक्ष्मकणांचे क्षपण करून त्यांत कार्बन मोनॉक्साइड सोडतात. ४५० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचे शिखर दिसले, की विकर हजर! त्याचे नावही त्यावरूनच पडले.

५/ दुसरी कसोटी अधिक साधी. पायपेरोनिल ब्युटॉक्साइड हे द्रव्य पी-४५०ला रोखते. ते दिल्यावर तेच कीटकनाशक पुन्हा प्रभावी ठरले, तर प्रतिकाराचे मूळ या विकरात आहे, असे अनुमान निघते.

६/ नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील केशव क्रांती व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मध्य भारतातील अळ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिकारामागील चयापचयी यंत्रणा हंगामानुसार बदलतात, हे त्याचे सूत्र. म्हणजे एकच औषध वारंवार फवारणे हे अळीला तालीम देण्यासारखेच होते.

७/ २६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीला मंजुरी मिळाली. ते वाण बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात स्थापलेल्या 'महिको'चे होते. बीटीचे प्रथिन अळीच्या आतड्याच्या भित्तिकेवर आघात करते. त्यामुळे पायरेथ्रॉइड पचवणारी अळीही त्याला बळी पडली.

८/ पण २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीही पोखरली. शस्त्र बदलले, चूक तीच राहिली: एकाच उपायावर सर्व भिस्त. मेदपिंडाने दिलेली साक्ष प्रयोगशाळेत नोंदली गेली. बांधापर्यंत मात्र ती फार उशिरा पोहोचली.