दाराबाहेरचे बाक

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, तह येतात, राज्याभिषेक येतात. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढे तेच येत असे. परंतु एखाद्या साध्या दारालाही इतिहास असतो, हे मला गेल्या श्रावणात कळले. ते दार शस्त्रक्रियागृहाचे होते. आत माझा आठ महिन्यांचा नातू होता आणि बाहेरच्या बाकावर आम्ही तिघे होतो: माझी मुलगी, जावई आणि मी.

बाळाच्या हृदयातील खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होते. दूध पिताना त्याला धाप लागे, कपाळ घामाने भिजे आणि वजनाचा काटा काही पुढे सरकेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली असेल. मी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. आणि काढून झाल्यावर त्याला डॉक्टरांकडेही नेले.

शस्त्रक्रिया सकाळी साडेसातला होती. भुलीपूर्वी पोट रिकामे हवे, म्हणून पहाटे साडेतीनला त्याने शेवटचे अंगावरचे दूध घेतले. सहाच्या सुमारास तो भुकेने रडू लागला. आईने घेतले की तिच्या दुधाच्या वासाने अधिकच रडे. तेव्हा मी त्याला खांद्यावर टाकले आणि त्या लांबलचक ओसरीत येरझारा घालू लागले. आजी म्हणून माझ्या वाट्याला आलेले ते पहिले काम. मग दार उघडले, परिचारिकेने त्याला हातांवर घेतले आणि दार मिटले.

बाकावर बसल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगी म्हणाली, "आई, एवढ्याशा जिवाचं हृदय उघडायचं धाडस पहिल्यांदा कोणी केलं असेल गं?"

प्रश्न माझ्या विषयातला होता. हाताशी दुसरे काही नव्हते, म्हणून मी सांगू लागले.

आईच्या पोटात असताना बाळाला फुप्फुसे वापरावी लागत नाहीत. म्हणून हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक आखूड नळी निसर्गाने ठेवलेली असते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. काही मुलांत ती उघडीच राहते आणि हृदयावर भार पडतो. १९३८ च्या २६ ऑगस्टला अमेरिकेतील बॉस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस या ३३ वर्षांच्या शल्यविशारदाने सात वर्षांच्या एका मुलीची ही नळी बांधली. त्याचे वरिष्ठ त्या वेळी परगावी होते. मुलगी बरी झाली आणि हृदयाच्या आसपासही सुरी नेऊ नये, हा जुना दंडक मोडला.

पुढची कथा बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली. काही मुले जन्मतःच निळसर दिसतात, कारण त्यांच्या फुप्फुसांकडे पुरेसे रक्त जात नाही. डॉ. हेलन टाउसिग या बालहृदयतज्ज्ञ बाईंना ऐकू कमी येत असे. मुलांच्या छातीवर बोटे ठेवून त्या ठोके जाणून घेत. त्यांच्या मनात आले, की ग्रॉसने जी नळी बांधली तशीच एक नळी या निळ्या मुलांत मुद्दाम जोडून दिली तर? ते काम डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी अंगावर घेतले. पण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती जोडणी करून करून जिने हात बसवला, ती व्यक्ती डॉक्टर नव्हती. व्हिव्हियन थॉमस हा कृष्णवर्णीय तरुण मूळचा सुतारकामातला. वैद्यकीय शिक्षणासाठी साठवलेले पैसे बँक बुडाल्याने गेले आणि तो ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. १९४४ च्या २९ नोव्हेंबरला पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कसा घालावा ते सांगत होता. पुढच्या वर्षी निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्याचे नाव नव्हते. मानाची पदवी विद्यापीठाने त्याला दिली ती १९७६ मध्ये.

त्या पद्धतीने पुढे कितीतरी निळी मुले गुलाबी झाली, हे मी मुलीला सांगितले. ती पहिली मुलगी मात्र वर्षभरही जगली नाही, हे सांगितले नाही.

"पण आमच्या बाळाचं छिद्र तर आतल्या बाजूला आहे," जावई म्हणाले. "हृदय थांबवल्याशिवाय आत कसं जाणार?"

हीच अडचण त्या काळच्या डॉक्टरांपुढेही होती. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुसाचे काम करणारे यंत्र १९५३ च्या मे महिन्यात एका तरुण मुलीवर यशस्वी केले. परंतु त्यांचे इतर रुग्ण वाचले नाहीत. तेव्हा मिनिआपोलिस येथील डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी निराळाच मार्ग काढला. गर्भवती आईचे रक्त जर बाळाला जगवते, तर शस्त्रक्रियेच्या वेळी एखाद्या मोठ्या माणसाचे हृदय आणि फुप्फुसे बाळाला उसनी का देता येऊ नयेत? १९५४ च्या २६ मार्चला शेजारी शेजारी दोन टेबले मांडली गेली. एकावर तेरा महिन्यांचा मुलगा, दुसऱ्यावर त्याचे वडील. दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या. जितका वेळ मुलाचे हृदय उघडे होते तितका वेळ बापाच्या काळजाने दोघांचा संसार चालवला. छिद्र शिवले गेले, अगदी आमच्या बाळासारखेच छिद्र. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या. बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावर आई किंवा बाप असे.

जावई आपल्या दोन्ही तळहातांकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मीही झोपलो असतो."

"पंचेचाळिसांतली किती वाचली?" मुलीने विचारले.

"अठ्ठावीस घरी गेली."

"आणि सतरा, आई?"

शाळेत असतानाही ती अशीच वजाबाकी करून मला पेचात पकडी. आता लपवणे शक्य नव्हते. मी म्हणाले, "ती गेली. पहिला मुलगाही अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. पण त्यांच्यापासून डॉक्टर जे शिकले ते आज आतल्या खोलीत आहे." तिने माझा हात घट्ट धरला. खरे सांगितल्याने ती खचेल असे मला वाटले होते. ती उलट सावरून बसली. घाबरलेल्या माणसाला थापा लवकर ओळखू येतात, हे मला त्या बाकावर समजले.

दाराचा दुसरा इतिहास मात्र मी तिला सांगितला नाही. तो तिचाच होता.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर १८५२ मध्ये दहा खाटांचे मुलांचे रुग्णालय उघडले. पुढे मुलांची रुग्णालये वाढली तशी शिस्तही वाढली. आईबापांमुळे रोग पसरतात, ते जाताना मुले आकांत करतात, म्हणून त्यांना बाहेरच ठेवणे बरे, असा समज रूढ झाला. अनेक ठिकाणी आठवड्यातून एखाद्या वेळीच भेट मिळे. न्यूकॅसलच्या डॉ. जेम्स स्पेन्स यांनी तान्ह्या मुलांबरोबर आयांनाही दाखल करून घेण्याची प्रथा पाडली होती. पण ते एकटे पडले. मग जेम्स रॉबर्टसन या गृहस्थांनी हातात कॅमेरा घेऊन एका साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या अडीच वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला. १९५२ मध्ये तो डॉक्टरांना दाखवला, तेव्हा पुष्कळजण चिडले. रॉबर्टसन यांचे म्हणणे असे, की आईपासून तुटलेले मूल आधी रडते, मग खिन्न होते आणि शेवटी शांत होते. या शांततेलाच परिचारिका 'रुळले' म्हणत. खरे तर मुलाने आईची आशा सोडलेली असे. १९५९ च्या प्लॅट समितीने आईबापांना मुक्त प्रवेश द्यावा, अशी शिफारस केली.

ती शिफारस १९९१ मध्येही आमच्यापर्यंत पोचली नव्हती. सरकारी दवाखान्यात आई बाळाच्या खाटेखाली चटई टाकून निजते. तिला कोणी हुसकत नाही. आम्ही मात्र पैसे भरून शिस्तीचे इस्पितळ निवडले होते. अडीच वर्षांच्या माझ्या मुलीची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आणि पाच दिवस मला फक्त दुपारी चार ते पाच भेट मिळाली. "रुळली हो तुमची मुलगी," असे तिसऱ्या दिवशी परिचारिकेने सांगितले, तेव्हा मी आभार मानले! घरी न्यायला गेले तर तिने माझ्याकडे पाहून मान फिरवली. ती मान कित्येक वर्षे माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही. त्या पाच दिवसांत माझ्या सासूबाई रोज फाटकाशी डबा घेऊन बसत. त्या धीर देणारे एक वाक्यही बोलल्या नाहीत. मला चार घास खायला लावीत आणि तिथेच पायरीवर बसवून माझी वेणी घालीत. त्या वेणीच्या आधाराने मी उभी राहिले.

तान्ह्यांच्या वेदनेबद्दलही असेच घडले होते. इतक्या लहान जिवाला दुखणे नीट कळत नाही आणि वेदनाशामके त्याला सोसवत नाहीत, या समजुतीने अपुऱ्या दिवसांच्या कित्येक बाळांवर अगदी १९८० नंतरही नाममात्र भुलीत शस्त्रक्रिया होत. १९८५ मध्ये अमेरिकेतील एका आईने आपले बाळ गेल्यावर त्याला काय दिले होते ते खोदून विचारले आणि या गोष्टीला वाचा फुटली. १९८७ मध्ये डॉ. कंवलजीत सिंग आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' साप्ताहिकात दाखवून दिले, की पुरेसे वेदनाशामक मिळालेली बाळे शस्त्रक्रियेचा धक्का अधिक चांगला सोसतात. हे आनंद आपल्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. म्हणूनच आदल्या दिवशी भूल देणाऱ्या बाईंनी, "त्याला दुखू देणार नाही," असे सांगितले, तेव्हा त्या एका वाक्यामागे केवढा प्रवास आहे ते मला ठाऊक होते.

साडेबाराला दार उघडले. छिद्र बुजवले होते. पुढचे दोन दिवस जपायचे होते. संध्याकाळी परिचारिका आली आणि मुलीला म्हणाली, "आई, आत येऊन बसा. तुमचा आवाज ऐकला की तो शांत राहील."

मुलगी उठली. सकाळपासून तिने काही खाल्ले नव्हते आणि केस सुटून तोंडावर आले होते. "एक मिनिट," मी म्हणाले. तिला बाकावर बसवले, पिशवीतला फणी-रुमाल काढला, दोन घास दहीभात भरवला आणि तिची वेणी घातली. मग ती आत गेली. मी बाहेर राहिले. आजीची जागा बाहेरच असते, आणि तीही कोणी तरी धरून बसावी लागते.

पाचव्या दिवशी मी त्याला पाहिले. त्याने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे टकमक बघितले आणि पुन्हा आईच्या मानेत तोंड खुपसले. त्या एका हालचालीने माझे जुने ऋण फिटल्यासारखे वाटले.

यंदा नरकचतुर्दशीला त्याचे पहिले अभ्यंगस्नान. छातीवरच्या व्रणाला जपून तेल लावायचे आहे. फटाके आम्ही वाजवणार नाही. पण अंगणात एक पणती त्या सतरा मुलांसाठी जास्त लावू, असे मुलीनेच सुचवले आहे.