दोर कुणाला बांधायचा?

‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ असा आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे. हरभऱ्याचे झाड ते केवढे! त्यावरून पडणाऱ्याची फजिती होते, हाड मोडत नाही. पण जो खरोखरच्या झाडावर पोटासाठी चढतो, त्याच्यासाठी आपल्या शहरी मराठीत धड एक शब्दही नाही. ‘फांद्या तोडणारा’, नाहीतर नुसतेच ‘तो माणूस’. श्रोतेहो, आज मला त्या माणसाविषयी आणि त्याच्या दोराविषयी बोलायचे आहे.

मी कात्रजला राहतो. वळवाचे एक-दोन तडाखे बसले की आमच्याकडे झाडांच्या छाटणीची लगबग सुरू होते. एक जण अनवाणी वर चढतो. कमरेला कोयता, खांद्यावर दोराचे वेटोळे. वर गेल्यावर तो दोर फांदीला बांधतो, बेचक्यातून खाली सोडतो, आणि खालचा साथीदार त्याचे दोन वेढे बुंध्याला घालून टोक धरतो. करवत चालते, फांदी सुटते आणि तारांना, गाड्यांना, कुंपणाला चुकवत हळूहळू खाली येते. पाहणारे ‘वा!’ म्हणतात. पण नीट पाहिले तर अनेकदा एक गोष्ट ध्यानात येते. दोर फांदीला असतो, माणसाला नसतो.

हे असे का झाले, याला इतिहास आहे. कात्रज हे मुळात घाटाच्या पायथ्याचे गाव. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, इथे तलाव झाला आणि त्याचे पाणी जमिनीखालच्या नळातून पुणे शहरात खेळवले गेले. तेव्हापासून कात्रज पुण्याला पाणी देत आले, पण स्वतः गावच राहिले. गावातल्या झाडाची फांदी तोडायची तर खाली मोकळी जमीन असे. फांदी पडली, पडू दिली. १९९७ मध्ये पुणे महापालिकेची हद्द वाढली आणि कात्रज शहरात आले. झाडाखाली आता मोटारी आल्या, पत्रे आले, विजेच्या तारा आल्या. फांदी अलगद उतरवणे भाग झाले. शहराने दोर आणला तो आपल्या मालमत्तेच्या काळजीने. चढणारा मात्र गावातल्यासारखाच चढत राहिला.

कायद्याचेही तसेच. झाडांची काळजी महाराष्ट्राला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, जुने झाड घ्यायचे तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा उपदेश आहे. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, १९७५ मध्ये, राज्याने नागरी क्षेत्रातील झाडांच्या जतनाचा कायदा केला. वृक्ष प्राधिकरणे आली, झाड तोडायला परवानगी लागू लागली, झाडे मोजली जाऊ लागली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हटले. हे सगळे चांगलेच झाले. पण आज्ञापत्रात झाड आणि त्याचा धनी आहे, कायद्यात झाड आणि अर्जदार आहे. झाडावर चढणारा कुठेच नाही.

तो अगदीच कुठे नव्हता असेही नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता. त्याच्या परिशिष्टात भरपाईला पात्र कामगारांची यादी आहे. त्या यादीत ताडामाडाची ताडी काढणारे आणि झाडे तोडणारे यांची नोंद सापडते. म्हणजे हे काम जिवावरचे आहे हे सरकारदरबारी ठाऊक होते. मात्र भरपाई मिळते ती माणूस पडल्यावर. तो पडू नये म्हणून काय करायचे, हा प्रश्न तिथे सुटत नाही.

कोकणाने तो आपल्या परीने सोडवला होता. तिथे या माणसाला नावही आहे. नारळ पाडणारा तो पाडेली. पायांत काथ्याची कडी अडकवून, माडाला मिठी मारत तो सरसर वर जातो. सुपारीच्या बागेत तर चढणारा एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी धरतो. दर झाडाला खाली उतरून पुन्हा चढायचे, तर दिवस पुरायचा नाही! ताडी काढणाऱ्या भंडारी समाजात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचे रक्षण करणारी वस्तू म्हणजे फक्त सवय. पण माड हा एकखोडी, त्याला फांद्या नाहीत. मादागास्करहून आलेला आपला ठिसूळ गुलमोहर किंवा अमेरिकेतून आलेला अवाढव्य पर्जन्यवृक्ष यांच्यापुढे माडाची विद्या अपुरी पडते. तिथे माणसाला खोड सोडून फांदीच्या टोकाकडे जावे लागते. मिठी मारायला काही उरत नाही.

अशा झाडांसाठी जगात दोराचे वेगळे शास्त्र तयार झाले. इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत ओहायोत स्थायिक झालेल्या जॉन डेव्हीने १९०१ मध्ये ‘झाडांचा वैद्य’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि झाडांची निगा हा शिकून करायचा धंदा झाला. या धंद्यातली मुख्य युक्ती सोपी आहे. दोर वरच्या भक्कम बेचक्यावरून घ्यायचा, एक टोक आपल्या पट्ट्याला आणि दुसऱ्या बाजूला सरकगाठ. ही गाठ हाताने सरकवली तर सरकते, भार पडला की आवळते. हात सुटला, पाय घसरला, तरी माणूस तिथेच लोंबकळतो. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिकने १९३१ मध्ये गिर्यारोहकांपुढे ठेवलेली गाठही याच जातीची.

बाकीचे नियम अनुभवातून आले. करवत चालवताना कमरेला दुसरा आखूड दोर हवाच, कारण करवत पहिला दोरही कापू शकते. फांदीचा दोर आणि माणसाचा दोर कधी एक करायचा नाही, नाहीतर सुटलेली फांदी माणसालाही ओढते. जाड फांदीला आधी खालून छेद द्यायचा, मग वरून कापायचे. तसे केले नाही तर ती अर्धवट मोडते, साल सोलत खाली झुलते आणि खोडाला टेकलेल्या माणसावरच येते. तारेजवळ काम असेल तर वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय चढायचे नाही.

हे नियम कागदावर आले त्यामागे एक आई आहे. न्यू जर्सीतल्या पेन्सव्हिल गावच्या एथेल हग यांचा मुलगा जेफ्री झाडांची छाटणी करताना अपघातात गेला. ही बाई रडून थांबली नाही. तिच्या पाठपुराव्यामुळे डिसेंबर १९६८ मध्ये न्यूयॉर्कला तज्ज्ञांची समिती बसली आणि १९७२ मध्ये झाडांवरील कामाच्या सुरक्षिततेचे पहिले अमेरिकी मानक प्रसिद्ध झाले. आजही त्या मानकाच्या सुधारित आवृत्त्या निघतात.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळात ‘नारळवृक्षाचे मित्र’ घडवायला सुरुवात केली. तरुणांना चढण्याचे यंत्र, शिक्षण आणि अपघात विमा दिला. आणि सरकगाठ तर पुण्याला परकी नाहीच. सह्याद्रीतले सुळके चढणाऱ्या आपल्या मुलामुलींना ती तोंडपाठ असते. एकाच शहरात हौसेने चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस, डोक्याला हेल्मेट असते आणि पोटासाठी चढणारा अनवाणी असतो. गाठ शिकायला फार पैसे लागत नाहीत. या दोघांची गाठ पडायला हवी, एवढेच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले. कोकणात माड-पोफळींच्या बागा झोपल्या आणि पुण्यातही झाडे कोसळली. अशी वादळे पुन्हा येणार, आणि दर वेळी कुणाला तरी वर चढावे लागणार. तेव्हा छाटणीच्या परवानगीपत्रावर झाडाच्या जातीबरोबर आणखी तीन ओळी असाव्यात: चढणाऱ्याचे नाव, त्याच्या दोराची तपासणी आणि त्याचा विमा. कागद निघेपर्यंत आपण सोसायटीतली माणसे एक करू शकतो. काम ठरवताना मजुरीची घासाघीस करण्याआधी विचारायचे, “दादा, तुमच्या कमरेचा दोर कुठे आहे?” नसेल तर तो येईपर्यंत फांदीला थांबू द्यायचे.