बैलजोडी आणि झोपडी

1957 च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुणे शहराने लोकसभेच्या जागेवर काकासाहेब गाडगीळांना पराभूत केले. विरोधकाला पाडणे हा निवडणुकीचा नित्याचाच व्यवहार. परंतु जो पुणेकर त्या दिवशी त्यांच्या विरुद्ध मत देऊन आला तो बहुधा काँग्रेसचाच होता, गांधीटोपी घालणारा होता, आणि 1934 साली मध्यवर्ती कायदेमंडळात गेलेल्या व स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात बसलेल्या या वक्त्याविषयी त्याच्या मनात अभिमानच होता.

तक्रार होती ती मुंबईची. राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 साली मुंबईसह मराठी राज्याची मागणी फेटाळली, 1956 च्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या अमलाखाली ठेवण्याचे जाहीर झाले, गोळीबारांत शंभराहून अधिक माणसे बळी पडली, आणि अखेर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून गुजरातसह विशाल द्वैभाषिक राज्य माथी मारण्यात आले. या सर्व काळात काकासाहेब गप्प बसले होते असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. मुंबईसह महाराष्ट्राची बाजू त्यांनी संसदेत आपल्याच सरकारसमोर अत्यंत परखडपणे मांडली होती. मात्र चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देऊन, निर्णय कोणत्या रीतीने घेतला गेला त्याची कैफियत लोकसभेत मांडली, तेव्हा टीकेची किंमत मोजणे म्हणजे काय याचा दाखला मराठी माणसाला मिळाला. आणि मग पक्षात राहून केलेली टीका, ती कितीही खरी असली तरी, अपुरी वाटू लागली. काकासाहेबांनी टीका केली आणि उमेदवारी मात्र काँग्रेसचीच घेतली, हे त्यांच्या चाहत्यांना रुचले नाही. माझ्या मते येथे मतदार काकासाहेबांशी थोडा कठोर वागला, पण अविचाराने वागला नाही.

कारण समोरचा उमेदवारही सामान्य नव्हता. 1955 च्या मे महिन्यात गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात उतरलेले नानासाहेब गोरे पोर्तुगीजांनी ठोठावलेली दीर्घ शिक्षा भोगत होते व निवडणुकीच्या तोंडावरच सुटून आले होते. पुण्यातील पर्वतीच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाच्या इतिहासात या दोघांचीही नावे येतात, तेव्हा निवड होती ती दोन परिचित, सुसंस्कृत माणसांमधली. गोऱ्यांना उभे करणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत समाजवादी, साम्यवादी, शेतकरी कामगार पक्षाचे, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे आणि हिंदुत्ववादीही एकत्र आले होते. एरवी ज्यांनी एकमेकांच्या सभा उधळल्या असत्या ते शनिवारवाड्यासमोर एकाच व्यासपीठावर बसले, आणि कुणाचीही चूक काढण्यात अपूर्व रस असलेल्या पुणेकराने या विसंगतीकडे तेवढ्यापुरती डोळेझाक केली.

त्या काळी मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नव्हती. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले असे, आणि मतदाराने हातातील चिठ्ठी आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची असे. वर्षानुवर्षे ज्या हाताने काँग्रेसच्या फेरीत तिरंगा धरला त्या हाताला जूसकट उभ्या असलेल्या बैलजोडीची पेटी सोडून गोऱ्यांच्या प्रजासमाजवादी पक्षाच्या झोपडीकडे वळताना क्षणभर तरी अडखळल्यासारखे झाले असेल. त्या चिठ्ठीवर मतदाराचे नाव नव्हते, टीकेची वाक्येही नव्हती. तरी पश्चिम महाराष्ट्रातून समितीचे उमेदवार मोठ्या संख्येने निवडून आले, आणि कऱ्हाडमध्ये खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना जेमतेम मताधिक्याने निसटावे लागले, तेव्हा तो मजकूर दिल्लीला वाचता आला.

यानंतर काकासाहेब पंजाबचे राज्यपाल झाले व पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून परतले; त्यांचा मान त्या पराभवाने कमी झाला नाही. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले, समितीचे प्रयोजन संपले, आणि 1962 मध्ये गोऱ्यांनाही त्याच पुण्याने घरी बसवून काँग्रेसचे शंकरराव मोरे यांना निवडून दिले. हे मोरे स्वतः पूर्वी काँग्रेसवर रुसून शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांत सामील झालेले आणि पुढे काँग्रेसमध्ये परत आलेले गृहस्थ होते. 1967 साली त्याच शहराने पुन्हा काँग्रेसला नाकारून एस. एम. जोशींना लोकसभेत पाठविले.