दक्षिणेपासून विद्यावेतनापर्यंत

श्रावणातील दक्षिणेची प्रथा तळेगावी सेनापती खंडेराव दाभाडे यांनी घातली. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यानंतर पेशव्यांनी ती पुण्यात पुढे चालविली. शास्त्री-पंडितांची परीक्षा होऊन त्यांस योग्यतेनुसार दक्षिणा मिळे; पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात मात्र सामान्य ब्राह्मणसमुदायास ती विद्येची फारशी विचारपूस न होता वाटली जाई. एकाच निधीत दान आणि विद्यावृत्ती अशी नांदत होती.

१८१८ साली राज्य गेले. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम मोडली नाही. तिच्यातीलच द्रव्य लावून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. साहाय्य हवे तर आता नित्य अध्ययन हवे, ही अट शास्त्रसंमतच म्हणावयाची. परंतु त्याआधीची अट जन्माची होती. ब्राह्मणेतरांस आरंभी तेथे प्रवेश नव्हता. पाठशाळांच्या अभिमान्यांनी हे झाकून ठेवू नये.

१८४९ साली लोकहितवादी प्रभृतींनी दक्षिणेचा काही अंश मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, असा अर्ज केला. पुण्यात केवढा क्षोभ उसळला! अर्ज मात्र मान्य झाला.

पुढे याच निधीतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. फेलोने स्वतः पदवीचा अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांस शिकवावे, अशी योजना असे. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. भांडारकरांनी त्याच काळात पुण्यातील जुन्या शास्त्र्यांपाशी बसून न्याय, व्याकरण आणि वेदान्त यांचे पाठ घेतले.