तेलंगणाच्या वेशीवरून रिद्धपूरला

तुम्ही धर्माबादच्या मोंढ्यात उभे आहात. मिरचीच्या पोत्यांनी घसा खवखवतोय. मराठीत सुरू झालेला भाव तेलुगूत ठरतोय. पुढे बासर, म्हणजे तेलंगणच. आता साडेसातशे वर्षं मागे या. सगळ्यात आधी मिरची नाहीशी होते, कारण ती आणणारे पोर्तुगीज अजून दोन शतकं दूर आहेत. देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करतोय. झोळी घेतलेला एक महानुभाव भिक्षू इथवर येतो आणि मागे फिरतो. तेलंग आणि कानडी मुलखात जाऊ नका, अशी त्याच्या पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांची आज्ञा आहे. तिकडे सुखसोयी फार आणि संन्याशाला मानही फार. विरक्त माणूस तिथे बिघडायचा.

त्याच्यामागून उत्तरेला निघा. माहूर मागे टाकून वऱ्हाडात, रिद्धपूरला पोचा. इथे चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य आहेत. सगळे त्यांना भटोबास म्हणतात. चक्रधर गेल्यावर पोरकी झालेली मंडळी घेऊन ते चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेला आले. वाजेश्वरीच्या देवळात म्हाइंभट हा पंथातलाच शिष्य चक्रधरांच्या आठवणी लिहून काढतोय. ज्याने पाहिलं त्याला गाठायचं, खोदून विचारायचं, मग भटोबासांकडून खात्री करून घ्यायची. त्यातूनच लीळाचरित्र उभं राहतंय. जवळच महदाइसा आहे, भटोबासांची चुलत बहीण. गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात तिनेच धवळे, म्हणजे लग्नगीतं, गायले.

थोडी वर्षं पुढे सरका. गोविंदप्रभूही गेलेत, पंथाचा सगळा भार आता भटोबासांवर आहे. केशोबास हा मोठा संस्कृत पंडित, त्याची संस्कृत रचना सर्वांना आवडलेली. भटोबास मात्र त्याला थांबवतात: संस्कृतात लिहिलंस तर माझ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील. त्या म्हाताऱ्यांकडे नीट बघा. भिक्षेसाठी दारोदार फिरून पायांना भेगा पडलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, पण ऐकलेला शब्दन् शब्द ध्यानात ठेवणाऱ्या. पंडिताची हौस मोडून त्यांची बाजू घेणं, हा मला भटोबासांच्या आचार्यपणातला सर्वांत थोर निर्णय वाटतो. केशोबासही ऐकतो. पुढे चक्रधरांची वचनं तो सूत्रपाठात मराठीतच लावतो.

1302 च्या सुमारास भटोबास जातात. नंतरच्या धाडींत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी होते. मग ज्यांना जेवढं पाठ होतं तेवढं गोळा करून ग्रंथ पुन्हा जुळवला जातो. त्यातला एक पाठ एका बाईच्या नावाने ओळखला जातो, हिराइसेच्या.