किल्ला म्हणजे फक्त तटबंदी नव्हे : वारसा-भूप्रदेश जपणारे नेमकं काय करतात?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले, एक तामिळनाडूतला जिंजी. यादीतल्या इंग्रजी नावात 'लँडस्केप' हा शब्द आहे. म्हणजे बुरुजाइतकाच कडा, रान, जुनी वाट आणि पाण्याचं टाकंही वारसा आहे.

हे सगळं एकत्र जपणं हे एकट्याचं काम नाही. संवर्धन वास्तुविशारद, पुरातत्त्वज्ञ, लँडस्केप आर्किटेक्ट आणि वनस्पतितज्ज्ञ मिळून ते करतात. आधी जुने नकाशे आणि कागदपत्रं तपासून जागेची मोजणी होते. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे मुरतं हे पाहिलं जातं. दुरुस्ती त्यानंतर.

घाई इथेच नडते. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट लावलं की ओल आत अडकते आणि दगड झिजू लागतो. भिंतीत रुजलेलं झाड उपटलं, तर मुळांबरोबर चिरेही निघतात.

या १२ पैकी ८ किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. गडावर श्रमदानाला जाताय? आधी संबंधित खात्याची परवानगी घ्या, मगच फावडं उचला.