किल्ला पडला, घंटा गेल्या... तरी वसईच्या किल्ल्यात आजही मिस्सा का होते?

वसईचा किल्ला म्हटलं की आता आठवतात प्री-वेडिंग शूट, वेली चढलेल्या भिंती आणि छप्पर उडालेली चर्च. पण या पडक्या इमारतींमध्ये एक चर्च असं आहे, जिथे आजही भाविक प्रार्थनेसाठी जमतात. संत गोन्सालो गार्सिया चर्च. त्याचा इतिहास समजून घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

किल्ल्यात इतकी चर्च कशी आली?

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर इथे तटबंदीच्या आत अख्खं शहर वसलं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक संघाने आपापलं चर्च आणि मठ उभारला. आज ज्याला गोन्सालो गार्सिया चर्च म्हणतात, ते मूळचं जेझुइटांचं ‘होली नेम ऑफ जीझस’. त्याची सुरुवात १५४९ च्या सुमारास झाली.

या शहराने संकटंही बरीच पाहिली. मे १६१८ मधल्या वादळाने चर्च आणि मठांची छपरं उडवली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी तटाबाहेरची चर्च लुटली.

पण सगळ्यात मोठा घाव बसला तो १७३९ मध्ये.

एकाच घटनेच्या दोन बाजू

पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली, धर्मांतरासाठी दबाव आला. त्याचा राग लोकांत होताच. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईला वेढा घातला, सुरुंग लावून तट फोडला आणि मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. त्यासाठी मराठ्यांचे हजारो सैनिक कामी आले. मराठी इतिहासातला हा मोठा विजय.

पण वसईतल्या स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांसाठी हाच काळ उलथापालथीचा होता. ही माणसं काही लिस्बनहून आलेली नव्हती. भाषा इथली, शेती-वाडी इथली. पोर्तुगीज जहाजात बसून निघून गेले, यांना मात्र इथेच राहायचं होतं.

चर्चच्या घंटाही गेल्या. विजयाची खूण म्हणून त्या मराठी मुलखातल्या देवळांत पोहोचल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ सालची घंटा त्यातलीच. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नाशिककर ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ती हीच. वाईजवळ मेणवलीतही अशीच एक घंटा आहे.

मग आशा कुठून आली?

एक आधार शरणागतीच्या करारातच होता. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता येईल आणि त्यांच्यासाठी तीन चर्च राहतील, असं त्यात ठरलं. एक शहरात, एक कसबे परगण्यात आणि एक साष्टीत.

युरोपीय धर्मगुरू गेल्यावर इथली चर्च सांभाळली ती मुख्यतः गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी. किल्ल्यातलं शहर ओस पडत गेलं, पण बाहेरच्या गावांत ख्रिस्ती समाज टिकला. सांडोर, पापडी, रमेदी, आगाशी, नंदाखाल, माणिकपूर इथल्या धर्मग्रामांची मुळं पोर्तुगीज काळातली आहेत आणि ते सगळे आजही गजबजलेले आहेत.

गोन्सालो गार्सिया कोण?

वसईतच १५५७ च्या सुमारास जन्मलेला मुलगा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या जेझुइटांकडे शिकला, जपानला गेला, व्यापार केला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला. जपानी भाषा येत असल्याने दुभाषा म्हणून तो पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ ख्रिस्ती जणांना क्रुसावर मारण्यात आलं, त्यात तोही होता.

८ जून १८६२ रोजी पोपनी त्याला संत घोषित केलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. किल्ला पडून तेव्हा १२३ वर्षं झाली होती. ज्या जेझुइटांनी त्याला शिकवलं, त्यांच्याच चर्चला पुढे त्याचं नाव मिळालं. चर्चची डागडुजी झाली आणि त्याच्या सणाला किल्ल्यात पुन्हा मिस्सा होऊ लागली. १९९८ मध्ये वसईला मुंबईपासून वेगळा धर्मप्रांतही मिळाला.

आज काय दिसतं?

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. तरीही भिंतींवरची झाडं आणि पडझड नजरेत येतेच. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा उभा आहे, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत जुन्या थडग्यांच्या शिळा आहेत.

इथेच चिमाजी अप्पांचं स्मारक आहे आणि नागेश्वराचं देऊळही. कुणी विजयाला मानवंदना द्यायला येतं, कुणी मेणबत्ती लावायला. वसईकरांसाठी दोन्ही वाटा एकाच किल्ल्यातून जातात.